न प्यायलेल्याची कबुली

हवालदारानं यंत्र पुन्हा त्याच्या तोंडासमोर धरलं आणि फुगा फुगवतोय असं समजून जोरात फुंकायला सांगितलं. अवधूत कामठेनं फुंकलं. श्वास भरपूर होता. मघापासून तो डोंगर चढून आल्यासारखा आत-बाहेर करत होता. उतरत्या दुपारची वेळ, वारज्याच्या उड्डाणपुलाखाली स्कूटर दुभाजकाला घासून आडवी झालेली, आणि तिच्याशेजारी राज्यशास्त्राचा प्राध्यापक एक हात खांबाला टेकवून उभा. तो पडला नव्हता. वळणावर हँडल एकीकडं गेलं, रस्ता दुसरीकडं गेला आणि मधे जो कुणी होता त्याला कशाच्या मागं जावं ते कळलं नाही, एवढंच झालं होतं. हवालदारानं नाव विचारलं तेव्हा तोंडातून ‘अवदूद’ असं काहीतरी निघालं. मग यंत्र आलं. यंत्रानं शून्य दाखवलं. पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा शून्य. हवालदारानं त्या शून्याकडं पाहिलं, अवधूतच्या पायांकडं पाहिलं, आणि दोहोंत पायांवर जास्त विश्वास ठेवून तो साथीदाराला म्हणाला, ‘बिघडलंय हे.’ यात विशेष काही नव्हतं. विशेष हे, की ज्यानं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता त्या अवधूतलाही त्या क्षणी मनापासून वाटलं, हो, यंत्रच बिघडलेलं असणार. आणि आपल्याला असं वाटलं, या गोष्टीची त्याला त्या उन्हातही थंडी वाजली.

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्यानं गाडीची किल्ली काढून घेतली, अवधूतला सावलीत कठड्यावर बसवलं आणि घरच्या कुणाला तरी बोलवायला सांगितलं. फोनवर अवधूतची बोटं नीट पडेनात, तेव्हा हवालदारानंच त्याच्या बायकोचा, तनुजाचा, नंबर लावून दिला आणि मिस्टरांनी जरा जास्त घेतलेली दिसते असं तिला कळवलं. तनुजा कर्वेनगरला बँकेत होती, यायला वेळ लागणार नव्हता. पलीकडून ती काय बोलली ते अवधूतला ऐकू आलं नाही, पण ती काही बोललीच नसणार हे त्याला ठाऊक होतं. तनुजा वर्ध्याची. तिचे वडील प्यायचे. फाटकाची कडी कशी वाजते यावरून आज किती झाली आहे हे ती आठ-नऊ वर्षांची असताना ओळखायची, असं तिनं लग्नानंतर एकदा अंधारात सांगितलं होतं, आणि पुन्हा तो विषय काढला नव्हता. ‘मी घेतलेली नाही’ हे वाक्य तिनं लहानपणी रोज संध्याकाळी ऐकलं होतं. आईच्या शपथेवर ऐकलं होतं, तिच्या स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून ऐकलं होतं. म्हणून ज्या रात्री जेवणानंतर अवधूतची जीभ पहिल्यांदा जड झाली, तो दाराच्या चौकटीला धडकला आणि ‘मला काहीतरी होतंय’ म्हणाला, तेव्हा तिनं जवळ येऊन आधी त्याचं तोंड हुंगलं. वास आला नाही. पण वास नसलेली दारूही असते, हे तिला आता इंटरनेटवर वाचायला मिळत होतं.

त्या रात्रीच्या वर्षभर आधी त्याच्या आतड्याला पीळ पडला होता. रक्तपुरवठा तुटून लहान आतड्याचा मोठा भाग काळा पडला, सर्जननं तो कापून काढला आणि उरलेली टोकं जोडून दिली. जीव वाचला. थोडं थोडं पण सारखं खात जा, वजन भरून काढा, असं सांगून त्यांनी घरी सोडलं. मग सगळ्या घरानं त्याला खाऊ घालायचा विडाच उचलला. हडपसरहून त्याची आई प्रेमलाबाई कुणाच्या ना कुणाच्या हाती खीर धाडायची, दह्याचं गाडगं धाडायची, केळ्यांचा अख्खा घड धाडायची. तो खात होता आणि अंगी लागत नव्हतं. आणि मधूनच, सणावाराला, लग्नकार्यात, कधी आईनं बळंच वाढलेल्या बासुंदीनंतर, काही तासांनी ते यायचं. आधी शब्दांची टोकं बोथट व्हायची. मग मान वळवली की खोली जरा उशिरा वळायची. पाय आपलेच पण उसने आणल्यासारखे वाटायचे. कशावरूनही राग यायचा, आणि त्या रागात आपण काय बोललो हे दुसऱ्या दिवशी तुकड्या-तुकड्यांत दुसऱ्यांकडून ऐकावं लागायचं. आतमधे कुठंतरी एक लहानसा, शुद्धीवरचा अवधूत बसलेला असायचा. तो सगळं बघायचा आणि त्याला काच वाजवून कुणाला बोलावता यायचं नाही. जेवणाशी याचा संबंध असेल हे त्याच्या मनात आलं नाही, कारण जेवण हेच तर औषध म्हणून चाललं होतं. नेहमीच्या डॉक्टरांना त्यानं विचारलं, तेव्हा अशक्तपणा म्हणून त्यांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लिहून दिली. पण तनुजा मागं थांबून त्यांच्याशी हळू आवाजात बोलली आणि डॉक्टरांनी समजल्यासारखी मान हलवली, हे त्यानं काचेच्या दारातून पाहिलं.

मग कॉलेजातलं झालं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, सकाळी स्टाफरूममधे खाल्लेले कुणाच्या तरी बढतीचे गुलाबजाम, आणि फळ्यासमोर उभं राहून ‘सार्वभौमत्व’ हा शब्द. तो शब्द त्यानं वीस वर्षं उच्चारला होता. त्या दिवशी तो ‘सार्व’च्या पुढं सरकेना. ‘सार्भौ’, ‘सारवभौ’. वर्ग हसला, आणि कुणीतरी फोन वर धरला. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत, खाली ‘सर फुल्ल’ एवढे दोन शब्द लिहून, सगळीकडं फिरली होती. प्राचार्यांनी बोलावून अतिशय सभ्यपणे बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, आपण काही दिवस रजा घ्यावी, आम्ही आपल्याला काही विचारत नाही. ‘विचारा ना,’ अवधूत म्हणाला होता. त्यावर प्राचार्य फक्त हसले. थोरला भाऊ रणजित गावची जमीन बिल्डरला देऊन आता फार्महाउसवर दर शनिवारी बाटल्या मांडून बसतो. तिथं कुणी कुणाचं तोंड हुंगत नाही. त्यानं अवधूतच्या खांद्यावर हात टाकून सल्ला दिला, ‘घ्यायची तर घे रे, पण पचवायला शिक.’ आईनं भैरवनाथासमोर नेऊन नारळावर हात ठेवायला लावला. त्यानं ठेवला, शपथ घेतली, आणि ती पाळणं म्हणजे काय हे न कळताही ती पुढच्याच आठवड्यात मोडली. कारण आईनंच प्रसाद म्हणून शिरा भरपूर खाऊ घातला होता.

त्या दिवसांत तो स्वतःची झडती घेऊ लागला. घरी कुणी नसताना कपाटाच्या मागं हात घालून पाहायचा, पुस्तकांच्या मागं पाहायचा, स्कूटरची डिकी रिकामी करायचा, स्वतःच्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढून हुंगायचा. एवढी सगळी माणसं, ज्यांना त्याचं वाईट व्हावं असं मुळीच वाटत नव्हतं, एकच गोष्ट सांगत होती. ज्या तासांचं त्याला काही आठवत नव्हतं त्या तासांत तो काय करत असेल, याची खात्री त्यानं कुणाच्या जिवावर द्यायची? न घेतलेली दारू सोडायची कशी, याचा तो विचार करायचा आणि त्याला हसू यायचं, आणि ते हसू ऐकून तनुजा स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहायची. ती भांडत नसे. भांडली असती तर बरं. ती ताट वाढून ठेवायची आणि आत जाऊन निजायची. मग एका रविवारी ती त्याला व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाकडं घेऊन गेली. लहानशी खोली, भिंतीवर सूर्योदयाचं चित्र. समुपदेशक शांत होते. सगळ्यांत अवघड पहिलं पाऊल असतं, ते म्हणाले. एकदा कबूल करा, पुढचं सगळं सोपं आहे. अवधूतनं नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हे ‘नाही’ आता त्याचं उरलेलं नाही. त्यात वर्ध्याचं फाटक वाजतंय, त्यात तनुजाचे वडील बोलताहेत. तनुजा पदराच्या टोकाला गाठ मारत खाली बघत होती. खोलीला दार एकच होतं आणि ते ज्या शब्दानं उघडणार होतं तो शब्द त्याच्या समोर ठेवलेला होता. तो म्हणाला, ‘हो. घेतो मी.’

तनुजा तिथंच रडली. घरी आल्यावर तिनं गरम पोळ्या केल्या, त्याच्या शेजारी बसून जेवली, रात्री कपाळावर हात ठेवून झोपली. हडपसरला कळलं आणि आईचा जीव भांड्यात पडला. सगळे त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं मऊ बोलू लागले. अवधूत त्या मऊपणात पाय ताणून पडला, आणि पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं की या घराला आता आतूनही कडी लागली आहे.

पुलाखाली तनुजा रिक्षानं आली. हवालदाराचे आभार मानले, गाडी बाजूला लावून घ्यायची विनंती केली आणि अवधूतला दंडाला धरून रिक्षात बसवलं. कुठं होता, असं तिनं विचारलं नाही. तो सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला गेला होता. तिथं सगळ्यांनी, सर किती वाळलात म्हणत, आग्रह करकरून श्रीखंड वाढलं होतं. रिक्षा घराच्या दिशेनं निघाली होती. पण त्याचा श्वास काही उतरेना. छाती भात्यासारखी चालली होती, दुखत काही नव्हतं, घाबरंही वाटत नव्हतं. नुसता श्वास, कुणी दुसराच त्याच्या आत बसून घेत असल्यासारखा. तनुजानं त्याच्या छातीकडं पाहिलं. असं तिच्या वडिलांना कधी झालेलं नव्हतं. तिनं रिक्षावाल्याला दवाखान्याकडं वळायला सांगितलं.

अपघात विभागात डॉक्टर शेफाली म्हणून एक तरुण बाई होत्या. बोलणं तुटक, हात झपाझप चालणारे. तनुजानं त्यांना बाजूला न घेता, अवधूतच्या देखतच सांगितलं की हे घेतात, स्वतः कबूल केलेलं आहे, उपचार चालू आहेत. शेफालीनं त्याच्याकडं वळून विचारलं, ‘घेता सर?’ सवयीनं, तो म्हणाला, ‘हो.’ मनगटातून रक्त काढलं, सलाइन लागलं. पडद्यापलीकडं कुणी कण्हत होतं, कुणाचं पोर रडत होतं. अवधूत छताकडं बघत श्वास घेत राहिला. कागद आले. रक्तात आम्ल फार वाढलेलं होतं, आणि ते कशानं वाढलं ते कळत नव्हतं. साखर ठीक. मूत्रपिंडं ठीक. थकल्या स्नायूंत होतं ते नेहमीचं आम्लही ठीक. दारू शून्य. शेफाली वरिष्ठांशी फोनवर बोलत होती आणि तिच्या बोलण्याचे तुकडे पडद्याआडून त्याच्यापर्यंत येत होते. पिणारा माणूस, रक्तात दारू नाही, तरी एवढं आम्ल. म्हणजे भलतंच काही प्यायला असणार, विषारी, स्पिरिटसारखं. डोळे जाऊ शकतात. मशीन लावून रक्त धुवावं लागेल, मानेत नळी घालावी लागेल. ती परत आली आणि धूसर दिसतंय का, हातभट्टीची घेतली का, कुठून आणली, रंग-पॉलिशची काही बाटली होती का, असं तिनं भराभर विचारलं. तनुजाच्या हातात संमतीचा कागद होता. ती त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत तो आणखी एक मजला खाली उतरला होता.

आणि अवधूतला हसू नाही, रडू नाही, एक विचित्र स्वच्छ भीती वाटली. त्याच्या एका ‘हो’नं इथवर आणलं होतं. आता मानेत नळी जाणार होती ती त्या ‘हो’मधूनच जाणार होती. आतला तो काचेमागचा माणूस दोन्ही हातांनी काच बडवू लागला. पण म्हणायचं काय? ‘नाही’ म्हटलं तर ते तनुजाच्या बाबांचं ‘नाही’ होणार.

‘सर, ऐका,’ शेफाली त्याच्या तोंडाजवळ वाकली. ‘रोजची कुठली घेता? नाव सांगा.’

त्यानं आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. रणजितच्या फार्महाउसवरचं टेबल त्याला दिसलं, त्यावरच्या बाटल्या दिसल्या, पण त्यांवरचं एकही अक्षर वाचता येईना. त्यानं ती कधी वाचलीच नव्हती. ‘तपकिरी,’ तो म्हणाला.

‘तपकिरी कुठली?’

‘तपकिरी असते ती.’

शेफालीच्या टेबलावर रोज पिणारी माणसं येत. ती किती प्यायलो ते लपवत, कधी प्यायलो ते लपवत. कुठली, हे मात्र कुणी विसरत नसे. तिनं त्याच्याकडं नव्यानं पाहिलं, आणि अवधूतला तेवढी फट दिसली. सगळा श्वास गोळा करून, एकेक अक्षर हातानं उचलून ठेवावं तसं तो म्हणाला, ‘मी. पीत. नाही. कधीच.’

तनुजानं तोंड भिंतीकडं फिरवलं. ‘हे असंच असतं, डॉक्टर,’ ती म्हणाली. पोट दाबून बघायला शेफालीनं सदरा वर केला आणि बेंबीवरून खाली गेलेला तो लांब व्रण पाहून तिचा हात तसाच राहिला. हे कशाचं, असं तिनं विचारलं; तनुजानं सांगितलं. आतडं किती उरलंय, मोठं आतडं शाबूत आहे का, असं होतं ते कधी होतं, काय खाल्ल्यावर होतं. शेवटच्या प्रश्नाला तनुजानं अवधूतकडं बोट केलं. आज काय जेवलात, असं शेफालीनं त्याला विचारलं, आणि तो म्हणाला, ‘श्रीखंड. तीनदा.’ शेफाली फोन घेऊन बाहेर गेली. बराच वेळ गेली. आल्यावर आणखी एकदा रक्त काढून मिथेनॉल वगैरे विषारी काही नसल्याची खात्री करून घेतली, तनुजाच्या हातातला कागद परत मागितला आणि सांगितलं, आता तोंडानं काही द्यायचं नाही, फक्त सलाइन आणि औषधं, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची जीभ मोकळी होती. खोली मानेबरोबर वळत होती. शेफालीनं खुर्ची ओढून दोघांना समजावून सांगितलं. थकल्या स्नायूंतल्या त्या आम्लाचे दोन प्रकार असतात, दोन भाऊच म्हणा, उजव्या-डाव्या हातासारखे. एक भाऊ आपलं शरीर तयार करतं, आमचं नेहमीचं मशीन तेवढाच मोजतं. दुसरा तयार करतात पोटातले जंतू. आतडं आखूड झाल्यानं गोड आणि पिठूळ अन्न न पचताच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जंतू त्यावर तुटून पडतात, आणि त्यांनी केलेलं आम्ल रक्तात उतरून डोक्यात चढतं. माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा वागतो. क्वचित होतं, पण होतं. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला आहे, अहवाल येईपर्यंत थांबू. तनुजानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे दारू नव्हती?’

‘नाही,’ शेफाली म्हणाली. ‘श्रीखंड होतं.’

अहवाल आला आणि तसंच निघालं. मग दोन दिवस माणसांचा राबता होता. रणजितनं व्हरांड्यात उभं राहून सगळ्या भाऊबंदांना फोन लावले आणि प्रत्येकाला सांगितलं की मी पहिल्यापासून म्हणत होतो. प्राचार्यांचा फोन आला. आपण केव्हाही रुजू व्हा, आम्ही आपल्याला कधी काही विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं. आई आली, माझं पोर तसं न्हाई हे मला ठाव हुतं म्हणून त्याच्या पायांवरून हात फिरवत रडली, आणि जाताना आनंदानं पेढ्यांचा पुडा ठेवून गेली. तनुजानं तो उचलून नर्सच्या टेबलावर नेऊन दिला. अवधूत सगळ्यांना हसून उत्तरं देत होता. त्याला राग यायला हवा होता असं त्याला वाटत होतं, पण ज्यांच्यावर रागवायचं त्यांच्यात त्याला पहिला स्वतःच दिसत होता, पुलाखाली शून्याकडं बघून मान हलवणारा.

संध्याकाळी माणसं गेली. तनुजानं मुगाचं पातळ कढण वाटीत ओतलं, तो ते प्यायला. मग ती बराच वेळ वाटी धुऊन, पुसून, कपाटात ठेवत राहिली. पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, ‘मग तुम्ही हो का म्हणालात?’

या प्रश्नाची त्यानं वाट पाहिली होती आणि त्याच्याजवळ बरीच उत्तरं तयार होती. त्यातलं एकही त्याला आता धड वाटेना. ‘तू निघून जाणार होतीस,’ तो म्हणाला.

‘हो.’ तिनं लपवलं नाही. ‘वर्ध्याचं तिकीट काढलं होतं. तुम्ही कबूल केलंत त्या संध्याकाळी रद्द केलं.’

‘मला तसं वाटलंच होतं.’

ती येऊन खुर्चीवर बसली. हात मांडीवर, बोटं एकमेकांत. बाहेर भेटीची वेळ संपल्याचं कुणीतरी सांगत चाललं होतं. ‘बाबा मरेपर्यंत नाहीच म्हणत राहिले,’ ती म्हणाली. ‘हॉस्पिटलात, अंग पिवळं पडलेलं, तरी मी घेत नाही. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. एकदा नुसतं हो म्हणायला हवं होतं.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘त्या रविवारी घरी आल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, काळजी करू नको. माझा नवरा बाबांसारखा नाही. तो खरं बोलला.’

तिला जे जन्मभर हवं होतं ते त्यानं तिला दिलं होतं आणि ते खोटं होतं. एकाच कागदानं त्याला निर्दोष ठरवलं होतं आणि खोटाही. आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असताना त्यातली कुठलीच दुसरीला खोडत नव्हती; शेजारी शेजारी बसून दोन्ही त्यांच्याकडं बघत होत्या. नर्सनं दारातून डोकावून, मॅडम, थांबणार आहात का, असं विचारलं. तनुजानं तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. उठून त्याच्या पायांवरची चादर ओढली, उशी सारखी केली, आणि पुन्हा त्याच खुर्चीत, जितक्या अंतरावर होती तितक्याच अंतरावर बसली.

‘पडा तुम्ही,’ ती म्हणाली. ‘मी आहे.’

कुठवर, ते त्यानं विचारलं नाही.